कृष्णाईची शिरोरेघ

लोंढेबाईंच्या हाताखालून गेलेलं अक्षर पाडळवाडीत कुणीही ओळखायचं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना असो, सोसायटीच्या दारावरची पाटी असो की लग्नाच्या मांडवातला स्वागताचा कागद असो, 'क'चं पोट भरलेलं, 'ळ'च्या दोन्ही पाकळ्या सारख्या आणि वरची शिरोरेघ पट्टी ठेवून ओढावी तशी. तीस वर्षं उज्ज्वला लोंढे जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत पहिलीचाच वर्ग घेत होत्या. बढतीचं पत्र दोनदा आलं आणि दोनदा त्यांनी ते परत धाडलं. मुख्याध्यापक होऊन सह्या करत बसण्यापेक्षा पोरांना 'ग' काढायला शिकवलेलं बरं, असं त्यांचं मत होतं, आणि मत सांगताना त्या कुणाची भीड ठेवत नसत.

शिकवायची रीत मात्र जुनी होती. पोराच्या मागे मांडी घालून बसायचं, आपली उजवी मूठ त्याच्या मुठीवर ठेवायची आणि गिरवायचं. एकदा, दोनदा, दहादा. पोराचा हात हळूहळू सैल पडायचा, बाईंच्या हाताबरोबर वाहायला लागायचा आणि मग एका क्षणी बाई आपला हात अलगद काढून घ्यायच्या, तरी पोराचा हात पुढे चालूच राहायचा. हा क्षण त्यांना फार आवडायचा. सायकलची सीट मागून धरून पळणाऱ्या बापाला जे वाटतं, तेच त्यांना वर्षातून पंचवीस-तीस वेळा वाटायचं. नव्या पुस्तकांतून या रीतीला नावं ठेवलेली होती. बाईंनी ती पुस्तकं वाचली होती आणि कपाटात नीट ठेवून दिली होती.

अशा या बाईंच्या वर्गात २०४० साली 'अक्षरवेध' आलं.

दिसायला ती एक जाडसर निळी पेन्सिल होती आणि तिच्यासोबत पाटीएवढी काळी काच. सांगलीला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. तिथे मिरजेहून आलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर फरहान मुजावर शिक्षकांना समजावून सांगत होते. तिशी नुकतीच ओलांडलेला, अंगानं बारीक माणूस. आपण कुणाचा तरी वेळ खातोय अशा सुरात बोलायचा.

"कागदावर उमटलेलं अक्षर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं तपासता," ते म्हणाले. "ही पेन्सिल अक्षर तपासतच नाही. ती हात तपासते. टोकावर किती दाब आहे, बोटांनी किती आवळलंय, वेग कुठे वाढला, कुठे मोडला, हे ती सेकंदाला दोनशे वेळा टिपते. आणि एक रेघ संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत हात हवेत काय करतो, तेही टिपते. अडखळणाऱ्या मुलाचा निम्मा वेळ हवेतच जातो. वहीत तो दिसत नाही."

मग त्यांनी पडद्यावर एक आडवी रेघ दाखवली.

"आपल्या लिपीत शिरोरेघ आहे, हे आमचं भाग्य. एवढी लांब, सलग, आडवी रेघ लहान मूल एरवी कशाला ओढतंय? ती ओढताना हात सारखा थोडाथोडा चुकतो. चूक मेंदूला कळते, मेंदू दुरुस्ती पाठवतो, हात वळतो. हे सगळं सेकंदाच्या चौथ्या हिश्शात. मेंदूतून जाणाऱ्या या तारांवर चरबीचं आवरण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. ते शाबूत असलं की निरोप झटकन पोचतो. ते झिजायला लागलं की निरोपाला उशीर होतो, दुरुस्ती उशिरा येते आणि रेघेला लाटा येतात. त्या लाटा आईबापांच्या डोळ्यांना दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पेन्सिलीला दोन मिनिटं पुरतात."

बहुतेक मुलांच्या हाताचे घोटाळे साधेच असतात, सरावानं सुटणारे, असंही त्यांनी सांगितलं. पण लाखात एखाद्या मुलाच्या शरीरात एक गरजेचं द्रव्य तयारच होत नाही, आणि त्याच्यावाचून ते आवरण विरत जातं. मूल आधी पडायला लागतं, मग चालणं जातं, मग बोलणं, मग गिळणं. पूर्वी यावर काही नव्हतं. आता होतं. मुलाच्याच हाडातल्या पेशी काढायच्या, त्यांच्यात बिघडलेल्या जनुकाच्या जागी चांगलं जनुक घालायचं आणि त्या परत सोडायच्या. त्या मेंदूपर्यंत पोचतात आणि हवं ते द्रव्य तिथे जन्मभर तयार करतात. अट एकच. जे झिजून गेलं ते परत येत नाही. म्हणून मूल धडपणे चालतंय तोवरच पकडायला हवं.

"आणि एक नियम," डॉक्टर शेवटी म्हणाले. "तपासणी चालू असताना मुलाच्या हाताला कुणीही हात लावायचा नाही."

"आणि पोर रडलं तर?" लोंढेबाईंनी विचारलं.

"रडू द्यायचं, बाई. दुसऱ्या दिवशी परत घ्यायची. फेरतपासणी कितीही वेळा मागता येते. वर्गशिक्षकानं नुसतं कळवायचं, बास."

निकाल मुलाच्या आरोग्यकार्डावर चढायचा आणि त्याचे रंग तीन होते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सराव आणि लाल म्हणजे मिरज. कागदावर हे सरळ होतं. गावात शिरल्यावर त्याचं काय होतं ते कागद करणाऱ्यांना कुठून कळावं? पहिल्याच वर्षी भोसल्यांच्या अनुष्काला लाल आला. मिरजेत तपासून सांगितलं की आजारबिजार काही नाही, अक्षरं उलटी दिसतात एवढंच, तासगावच्या खास वर्गात घाला. तासगावला जायचं म्हणजे तासभर बस. गावानं पोरीचं नाव 'लाल कार्ड' पाडलं. दिवाळीनंतर आईबापांनी तिला मावशीकडे धाडलं आणि तिथे ती शाळेतच जाईना. बाईंनी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा कुणी उचलला नाही. तेव्हापासून त्या निळ्या पेन्सिलीवर बाईंचा राग होता.

दुसऱ्या वर्षी, जुलैत, कृष्णाई माळीची पाळी आली.

कृष्णाईची आई सानिका बाईंचीच विद्यार्थिनी. बेदाण्याच्या शेडमध्ये निवडकामाला जायची. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बेदाण्यांतला काळा मणी तिची बोटं मान वळवून बोलता बोलताही उचलायची. यंत्रं आली तरी मालकानं तिला ठेवली होती, ती त्या बोटांपायी. नवरा प्रशांत द्राक्षांच्या थंड गाडीवर ड्रायव्हर. महिन्यातले वीस दिवस तो बाहेरच असायचा. तपासणीच्या दिवशी सकाळी सानिका शाळेच्या फाटकापाशी थांबली होती.

"बाई, हिला लाल येऊ देऊ नका. अनुष्काचं बघितलंय सगळ्यांनी. हिचा बाप म्हणतोय, तसलं काय झालं तर शाळाच नको."

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

दहा शब्द लिहायचे होते. कृष्णाईनं पहिला शब्द लिहिला. दुसरा लिहिला. शिरोरेघ ओढताना तिची जीभ ओठांबाहेर आली, पेन्सिल दोनदा घसरली आणि रेघ शेवटाला खाली उतरली. बाजूची पोरं लिहून मोकळी होऊन खिडकीतून फवारणीचं ड्रोन बघत होती. तिसऱ्या शब्दापाशी कृष्णाई थांबली. तिनं मान वळवून बाईंकडे बघितलं. खालचा ओठ थरथरायला लागला होता.

खरं तर बाईंनी त्या वेळी काच बंद करून दुसऱ्या दिवशी तपासणी परत घ्यायला हवी होती. नियम तसाच होता आणि बाईंना तो पाठ होता. पण उद्या परत तीच पोर, तीच रेघ, आणि शेवटी लाल. त्यांच्या डोळ्यांपुढे अनुष्का आली. आणि आणखीही एक गोष्ट आली, ती आपण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोणत्या शाळेत किती हिरवे याची यादी तालुक्याला लागायची, आणि लोंढेबाईंच्या वर्गात दुसऱ्या वर्षीही लाल, हे त्यांना बघवलं नसतं. त्या कृष्णाईच्या मागे जाऊन बसल्या. एकच शब्द, धीर यावा म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मूठ मुठीवर आपोआप गेली.

एकाचे आठ शब्द झाले. काचेवर हिरवा दिवा लागला. कृष्णाईनं सुस्कारा सोडला आणि बाईंच्या मांडीवर डोकं टेकलं.

दिवाळीनंतर कृष्णाई पडायला लागली. आधी मैदानात, मग वर्गाच्या उंबऱ्यावर, मग सपाट जमिनीवरही. अक्षर मोठं आणि विस्कटलेलं यायला लागलं. बाई रोज तिचा हात धरून गिरवून घ्यायच्या आणि त्यांना जाणवायचं की हा हात सैल पडतो, पण वाहत नाही. आपला हात काढून घ्यायचा तो क्षण काही येत नव्हता. पोरगी अंगानं नाजूक आहे, थंडी बाधली असेल, चष्मा लागला असेल, अशा समजुती बाईंनी एकामागून एक स्वतःला घातल्या. शहाण्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

डिसेंबरात एका रविवारी सानिका बाईंच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"बाई, ही पडती हो सारखी. काल जिना उतरताना माझा हात सोडंना. तासगावच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी मोबाईलवर कार्ड उघडलं, म्हणाले अक्षरवेध हिरवं आहे, मेंदूचं काही नसणार. टॉनिक दिलंय. पण मला भ्या वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?"

बाईंना काय वाटत होतं? डॉक्टरनं जे कार्ड बघून पोरीला परत धाडलं, ते कार्ड कृष्णाईचं नव्हतंच. ते चोपन्न वर्षांच्या एका बाईच्या हाताचं होतं. फेरतपासणी मागायला एक निरोप पुरला असता. पण मग फेरतपासणी कशाला, हे विचारलं गेलं असतं, आणि तीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं त्या नावाकडे बोट दाखवलं गेलं असतं. जूनमध्ये दुसरीची तपासणी आहेच, त्यांच्या मनात आलं. सहा महिन्यांनी काय होतंय?

"ये आत. बस," त्या म्हणाल्या. "वाढीचं वय आहे. हाडं वाढतात, तोल जातो. खजूर दे रोज. होईल नीट."

आणि त्यांनी आलं घालून चहा टाकला. सानिका तो प्याली आणि जाताना तिचा चेहरा उजळला होता.

जूनमध्ये कृष्णाईला शाळेची पायरी चढता आली नाही. पेन्सिल धरायचा प्रश्नच आला नाही. प्रशांतनं गाडी अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हवाली केली आणि दोघं पोरीला घेऊन मिरजेला गेले. तिथे मेंदूचं चित्र काढलं, रक्त तपासलं. आजाराला नाव मिळालं. उपचार मिळाला नाही. सगळे कागद मुंबईला पाठवले, तिथून आणखी कुठे पाठवले आणि सगळीकडून एकच उत्तर आलं. आता पेशी घातल्या तरी त्या पोचेपर्यंत फार उशीर झालेला असेल. उपचाराचा त्रास पोरीला होईल, गुण येणार नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर मुजावर पाडळवाडीच्या शाळेत आले. शाळा सुटली होती. त्यांनी वर्गातल्या भिंतीवर कृष्णाईची गेल्या वर्षीची तपासणी उमटवली. दहा शब्द, आणि प्रत्येक शब्दाखाली रंगीत आलेख.

"आमच्या पेन्सिलीनं ही मुलगी सोडली," ते म्हणाले. त्यांचे डोळे झोप न झालेल्या माणसासारखे होते. "एक मूल सुटलं म्हणजे आणखी सुटली असतील. वरून आदेश आलाय की कारण सापडलं नाही तर पूर्ण जिल्ह्यातल्या पेन्सिली परत मागवायच्या. वर्षभर तपासणी बंद. मला कारण शोधायचंय, बाई. हे बघा. पहिले दोन शब्द. लाटा स्वच्छ दिसतात. एवढ्यावरून मी त्याच दिवशी बोलावलं असतं. पण तिसऱ्या शब्दापासून रेघ सरळ. दाब दुपटीहून जास्त. यंत्राला वाटलं, सुरुवातीला पोरगी घाबरली असेल, मग हात बसला. म्हणून त्यानं पहिले दोन सोडून दिले. पण हात असा बसतो का? काहीतरी बिघाड असणार. किंवा..."

बाई त्या भिंतीकडे बघत होत्या. ती शिरोरेघ त्यांना ओळखू येत होती. ओळखू येणारच. ती त्यांचीच होती.

"बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "माझा हात आहे तो."

मुजावर खुर्चीवर बसले.

"जुलैत कळलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"नका विचारू."

"मला ऐकायचंय."

"जुलैत कळलं असतं तर ती आज धावत असती," ते हळू आवाजात म्हणाले. "डिसेंबरपर्यंत कळलं असतं तरी चाललं असतं. थोडी लंगडली असती कदाचित. पण चालली असती, बोलली असती, मोठी झाली असती." मग त्यांनी मान वर केली. "बाई, हे मी लिहिलं तर चौकशी लागेल. नोकरी जाईल. मी असंही लिहू शकतो की कारण कळलं नाही."

"आणि पेन्सिली परत मागवतील."

"हो."

"मग लिहा," बाई म्हणाल्या. "तुमच्या कागदावर काय लिहायचं ते लिहा. तिच्या आईला मी सांगते. ते तुम्ही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बाई दुपारी तीनला माळ्यांच्या घरी पोचल्या. प्रशांत औषधं आणायला सांगलीला गेला होता. कृष्णाई पलंगावर झोपली होती आणि सानिका तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. बाईंना बघून ती उठली, पदराला हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, बाई. सगळे येऊन गेले, तुम्हीच यायच्या राहिल्या होता."

बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. तिसऱ्या शब्दापासून हात धरला, हे सांगितलं. हिरवं कार्ड खोटं होतं, हे सांगितलं. डॉक्टर जुलैबद्दल काय म्हणाले आणि डिसेंबरबद्दल काय म्हणाले, तेही त्यांनी गाळलं नाही.

सानिका ऐकत होती. तिची बोटं कृष्णाईच्या चादरीचा काठ चिमटीत धरून सरकत होती.

"जुलैचं मी सोडून देईन," ती शेवटी म्हणाली. "मीच म्हणाले होते, लाल येऊ देऊ नका. माझंबी पाप हाय त्यात. पण डिसेंबरात मी तुमच्या दारात आले होते, बाई. मी विचारलं तुम्हाला. तुम्हाला ठाऊक होतं ना तवा?"

"ठाऊक नव्हतं. पण शंका आली होती."

"आणि तुम्ही मला चहा दिला."

सानिका ओरडली असती, अंगावर धावून आली असती तर त्यांना ते सोपं गेलं असतं. ती तशीच बसून राहिली. तेवढ्यात आवाजानं कृष्णाई जागी झाली आणि बाईंना बघून तिचा सगळा चेहरा हसला.

"बाई," ती म्हणाली. जीभ आता जड झाली होती. "उद्या येणार?"

बाईंनी सानिकाकडे बघितलं. सानिका उठून आत निघून गेली. नको म्हणाली नाही. हो म्हणाली नाही.

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. नंतर रोजच जात राहिल्या. चौकशी झाली, निलंबन झालं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि गावानं दोन दिवस तोंडसुख घेतलं. ज्यांची पोरं बाईंच्या हाताखालून गेली होती ते वाटेत भेटले की बूट बघत पुढे जायचे. पेन्सिली परत गेल्या नाहीत. त्यांच्यात एक दुरुस्ती झाली. दुसरा हात लागला की पेन्सिल आता लिहायचीच थांबते. प्रशिक्षणात नाव झाकून कृष्णाईची ती शिरोरेघ दाखवतात, असं डॉक्टर मुजावरांनी फोनवर सांगितलं. आणि जत तालुक्यातलं एक मूल वेळेत सापडलं, उपचार सुरू झाले, हेही सांगितलं. फोन ठेवल्यावर बाईंना आधी फार बरं वाटलं. मग त्या मुलाच्या आईचा विचार करत बसल्या आणि मग त्यांना रडू आवरेना, कारण हे सानिकाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

रोज चारला माळ्यांचं दार उघडं असायचं. बाई आत आल्या की सानिका परसदारी जायची आणि त्या जाईपर्यंत परतायची नाही. चटणी कुटायची, कपडे धुवायची, काहीच नसलं तर नुसती दगडावर बसून राहायची. प्रशांत घरी असला तर तोही उठून जायचा. बाई कृष्णाईचे केस विंचरायच्या, गोष्ट सांगायच्या, पेज भरवायच्या. पेज भरवायला आता पाऊण तास लागायचा. दसऱ्याला पोरगी आधारानं चार पावलं टाकायची. संक्रांतीला तिला चाकाची खुर्ची आली.

"बाई," एकदा कृष्णाईनं विचारलं. एकेक शब्द ती लांबून ओढून आणत होती. "आई... तुमच्याशी का... बोलत न्हाई?"

"रागावलीय माझ्यावर."

"का?"

"माझं चुकलं म्हणून."

"मग... सॉरी म्हणा की."

"म्हटलं."

कृष्णाईनं बराच वेळ विचार केला. "जाईल राग. माझ्यावरचा... जातो."

बाईंनी तोंड फिरवलं आणि उगीच कंगवा पुसत बसल्या. मार्चपासून कृष्णाईचं बोलणं बंद झालं. डोळे मात्र बाई आल्या की दाराकडे वळायचे.

पोरगी आठ वर्षांची झाली. आजार आत काय काय खात होता, पण अंगाला वाढायचं थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ती उंच झाली. वजन वाढलं. आईच्या वळणावर चालली होती, लांब हातापायांची. एरवी आईबापांनी दाराच्या चौकटीवर खूण करून कौतुक केलं असतं, तेच आता पलंगाच्या काठाशी पाय पुरेनासे झाले म्हणून उशी लावायची वेळ आली.

एप्रिलात एके दिवशी बाई आल्या तेव्हा सानिका परसदारी गेली नाही. पलंगापाशी जमिनीवर बसली होती. कमरेला हात लावलेला. कृष्णाई पलंगावर आडवी, अर्धी ओली, टॉवेलात. सकाळची आंघोळ आज चारपर्यंत लांबली होती; खाली बादली कलंडलेली होती आणि फरशीभर पाणी झालं होतं. प्रशांत गाडीवर होता.

बाई दारातच थांबल्या. मग त्यांनी फडकं घेतलं आणि पाणी पुसायला लागल्या. फरशी कोरडी झाली. त्यांनी कोरडा फ्रॉक घेतला आणि कृष्णाईच्या मानेखाली हात घातला. दुसऱ्या बाजूनं सानिका उठली आणि तिनं कंबर धरली. दोघींनी मिळून पोरीला बसतं केलं, बाह्यांत हात घातले, उशीला टेकवलं. सानिकाला धाप लागली होती.

"मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका," ती म्हणाली. नऊ महिन्यांतलं हे पहिलं वाक्य होतं. ती बाईंकडे बघत नव्हती, कृष्णाईची बटणं लावत होती. "ते मला जमणार न्हाई. जमावं असंबी वाटत न्हाई."

"हो," बाई म्हणाल्या.

शेवटचं बटण लागलं. सानिकानं फ्रॉकची चुणी नीट केली आणि हात तिथेच ठेवला.

"पण आता माझ्या एकटीच्यानं उचलत न्हाई ती. उद्यापासनं आंघोळीच्या वेळी या."

"किती वाजता?"

"नऊला."

"येते," लोंढेबाई म्हणाल्या.